रोमिओ-ज्युलिएटमधलं बापाचं घर : पितृसत्ता, मर्दानगी आणि बाईपण यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ १५९५च्या आसपास लिहिलं गेलं आणि १५९७ मध्ये पहिल्यांदा छापून आलं. प्रेमकथा म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातल्या घरात काय चाललंय याकडे फारसं कुणी बघत नाही. वाचक, विद्यार्थी आणि नाटकवेडी मंडळी याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं खाली दिली आहेत. शेवट माहीत नसेल तर आधी नाटक वाचा, इथे काहीच झाकून ठेवलेलं नाही.

सगळं तर रोमिओचे माँटेग्यू आणि ज्युलिएटचे कॅप्युलेट या दोन घराण्यांच्या वैरामुळे घडतं. मग पितृसत्तेचा संबंध कुठे येतो?

वैर आहेच. पण माणसं मरतात त्या क्षणी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी काम करत असतं.

वैराची अवस्था बघा. पहिल्या अंकात ज्युलिएटचा म्हातारा बाप कॅप्युलेट तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो, की आमच्या वयाच्या माणसांना शांतता राखणं काही जड जायचं नाही. त्याच रात्री मेजवानीत रोमिओ मुखवटा घालून शिरलाय हे ओळखून कॅप्युलेटच्या बायकोचा भाचा टिबॉल्ट तलवार मागतो, तेव्हा कॅप्युलेटच त्याला दटावतो. पोरगा सभ्य आहे, आपल्या व्हेरोना शहरात त्याचं नाव चांगलं आहे, माझ्या घरात त्याला कुणी हात लावायचा नाही. शत्रूच्या मुलाबद्दल हा माणूस जितकं चांगलं बोलतो, तितकं दोन दिवसांनी स्वतःच्या मुलीशी बोलत नाही.

आता साखळी तपासा. ज्युलिएट ते बेशुद्ध करणारं औषध का घेते? बापाने तिला न विचारता गुरुवारचं लग्न ठरवलं म्हणून. ते ठरलं नसतं तर दोघांचं गुपचूप लग्न लावणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स याची योजना साधी होती : हद्दपार रोमिओने मँटुआ शहरात थांबायचं, योग्य वेळ बघून लग्न जाहीर करायचं, घराण्यांची समजूत घालायची, माफी मिळवायची आणि त्याला परत आणायचं. आणि मर्क्युशिओ? तो ना माँटेग्यू, ना कॅप्युलेट. तो व्हेरोनाच्या अधिपतीचा नातलग. मित्राने भर रस्त्यात अपमान गिळला हे त्याला बघवलं नाही, म्हणून तो तलवार काढतो आणि मरतो. एक मरण मर्दानगीपायी, एक लग्नाच्या सक्तीपायी. वैराने फक्त दोघांना लपूनछपून वागायला लावलं.

कॅप्युलेट सुरुवातीला मुलीच्या मर्जीचं बोलतो. तो वाईट बाप आहे का?

दुष्ट म्हणून सोडून दिलं तर प्रश्नच संपतो. तो दुष्ट नाही. पॅरिस मागणी घालतो तेव्हा हाच बाप म्हणतो, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत. लवकर आया झालेल्या मुली लवकर खराब होतात. तू तिचं मन जिंक, तिच्या होकारात माझा होकार आहे. कुणालाही आवडावा असा बाप. ज्युलिएट त्याचं एकुलतं उरलेलं अपत्य आहे, बाकीची त्याने पुरली आहेत. म्हणजे ती त्याची लाडकी आहे आणि वारसही आहे. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधीच वेगळ्या होत नाहीत.

मग सोमवारी टिबॉल्ट मारला जातो. घरात सुतक, मुलगी वर रडते आहे, रात्र झाली आहे. पॅरिस निघायला लागतो आणि कॅप्युलेट एकाएकी म्हणतो, मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही, गुरुवारी उरकून टाकू. घरात नुकताच मृत्यू झालाय म्हणून फक्त पाच-सहा माणसं बोलावू, हेही लगेच ठरतं. वार कुठला, पाहुणे किती, सगळं पक्कं होतं. फक्त जिचं लग्न तिला विचारायचं राहतं. तिला कळवायला बायकोला पाठवलं जातं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ज्युलिएट नाही म्हणते आणि त्या ‘होकाराची’ खरी किंमत कळते. होकार द्यायची मोकळीक होती, नकार द्यायची नव्हती. बाप म्हणतो, हात शिवशिवतायत. चर्चपर्यंत फरफटत नेईन. माझी असशील तर मी माझ्या मित्राला देईन, नसशील तर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, माझ्या मालमत्तेतली दमडी मिळणार नाही. शिव्या सोडल्या तर या धमक्यांत सगळा हिशेब आहे : छप्पर, अन्न, वारसा. ज्याच्या हातात या तीन गोष्टी आहेत त्याला हात उचलावा लागत नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती गुडघे टेकून माफी मागते, तर बाप इतका खुलतो की लग्न आणखी एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणतो. पाच-सहा पाहुण्यांच्या जागी आता वीस कसलेले आचारी बोलावले जातात. आपला शब्द चालला, याचाच हा आनंद. ज्युलिएटचा वेळ मात्र तेवढाच कमी होतो.

ज्युलिएट खरंच तेरा वर्षांची आहे? त्या काळी तसंच होतं ना?

हो, तेरा. चौदावा वाढदिवस पंधरवड्याहून थोडा लांब आहे. पण ‘त्या काळी तसंच होतं’ हे उत्तर अर्धवट आहे. चर्चच्या नियमाने मुलीला बाराव्या आणि मुलाला चौदाव्या वर्षी लग्न करता येत असे, हे खरं. मात्र शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये सर्वसाधारण मुली विशीच्या मध्यावर लग्न करत. फार लवकर लग्नं लागायची ती मुख्यतः बड्या घरांत, जिथे जमीनजुमल्याचा प्रश्न असे. स्वतः शेक्सपिअरचं लग्न १५८२ मध्ये झालं, तेव्हा तो अठरा आणि बायको सव्वीस वर्षांची होती.

शिवाय वय त्याने मुद्दाम कमी केलंय. ज्या इंग्रजी काव्यावरून त्याने कथानक उचललं ते आर्थर ब्रूकचं काव्य १५६२ चं. त्यातली ज्युलिएट सोळाच्या उंबरठ्यावर आहे, आणि तिथे ही गोष्ट काही महिने चालते. शेक्सपिअरने मुलीची वर्षं छाटली आणि गोष्ट रविवार ते गुरुवार पहाट एवढ्यात बसवली. त्याच्या प्रेक्षकांनाही तेरा हे वय खटकावं, असाच हा बदल दिसतो. कॅप्युलेटच्या तोंडी ‘अजून दोन वर्षं’ आहेच की.

आई तिच्या बाजूने उभी का राहत नाही?

लेडी कॅप्युलेटचं एक वाक्य सहज निसटतं : तुझ्या वयाची होते तेव्हा तू मला झालेली होतीस. हिशेब केला तर ही बाई जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची निघते. नवरा मात्र आपण शेवटचे मुखवटे घालून नाचलो त्याला पंचवीसेक वर्षं झाली असं सांगणारा. म्हणजे जे मुलीवर येऊ घातलंय, ते आईवर येऊन गेलंय. त्यातून ती ‘हे हिच्या वाट्याला नको’ असं शिकलेली नाही, ‘असंच असतं’ हे शिकली आहे.

मुलीशी लग्नाचं बोलायचं तर तिला एकटीला जमत नाही. आधी दाईला बाहेर पाठवते, लगेच परत बोलावते. पॅरिसचं वर्णन ती एखाद्या सुंदर पुस्तकासारखं करते, ज्याला फक्त बांधणी हवी. बांधणी म्हणजे बायको. नवरा भडकल्यावर ‘वेड लागलंय का’ एवढं म्हणते खरी, पण तो निघून गेल्यावर मुलगी पायाशी लोळण घेत असताना म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, माझा तुझा संबंध संपला. तिच्याकडे द्यायला काही होतं का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही ते दार तिनेच लावलं, हे नाटक लपवत नाही.

एक बाजूची गोष्ट. लग्नाच्या आदल्या रात्री कॅप्युलेट मोठ्या उत्साहाने म्हणतो, आज घर मी सांभाळतो, एक रात्र मीच गृहिणी! दाई त्याला बायकांच्या कामात लुडबुड करणारा म्हणून झोपायला पिटाळते, आणि बायको त्याच्या तरुणपणीच्या रात्रीच्या भानगडींवरून टोमणा मारते. तो हसतो, बायको जळते म्हणून खूश होतो. प्रसंग विनोदी आहे. पण पुरुषाने एक रात्र स्वयंपाकघरात डोकावणं ही गंमत आणि मुलीने एकदा नाही म्हणणं हा गुन्हा, या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच दिवशी घडतात.

दाईने का पाठ फिरवली? तिनेच तर लग्न जुळवलं होतं.

कारण ती पगारी आहे. ज्युलिएटला दूध पाजणारी, स्वतःची तेवढ्याच वयाची मुलगी सुसान गमावलेली बाई. माया खरी आहे. पण बापासमोर तिने ज्युलिएटची बाजू घेतली तेव्हा कॅप्युलेटने तिला ‘जा, बायकांत बसून बडबड’ म्हणून उडवून लावलं. त्यानंतर ती सल्ला देते : रोमिओ येणार नाही, पॅरिस त्याच्यापेक्षा चांगला, कर लग्न.

तिच्या दृष्टीने बाईच्या जगण्याचा तोच मार्ग आहे, मिळेल तो पुरुष धरायचा. तिचा आवडता विनोदही बघा. ज्युलिएट तान्ही असताना पडली, तर दाईचा नवरा म्हणाला, आत्ता तोंडावर पडलीस, अक्कल आली की पाठीवर पडशील. हे ती आईसमोर, मुलीसमोर पुन्हा पुन्हा सांगते आणि हसत सुटते. मुलीचं भविष्य पाळण्यातच ठरलेलं आहे, आणि सगळ्यांना ते गमतीचं वाटतं.

पितृसत्तेत पुरुष तरी मोकळे आहेत का?

फारसे नाहीत. या नाटकाचा मला सर्वांत धारदार वाटणारा भाग हाच.

पडदा उघडतो तो कॅप्युलेटांच्या दोन नोकरांच्या फुशारकीवर. सॅमसन म्हणतो, माँटेग्यूच्या पुरुषांना भिंतीपासून ढकलून देईन आणि त्यांच्या बायकांना भिंतीशी दाबेन. आधी पुरुषांशी लढेन, मग पोरींची अब्रू घेईन. पहिल्या पानावर, विनोद म्हणून, बलात्काराची भाषा. हे अनेक प्रयोगांत कापतात किंवा इतक्या झटपट उरकतात की कळत नाही. ते कापलं की नाटक गोड होतं, पण पुढची तलवारबाजी कुठून आली तेही दिसेनासं होतं. व्हेरोनात पुरुष असणं म्हणजे कुणावर तरी चढणं. शत्रू सापडला तर शत्रूवर, नाहीतर बाईवर.

या शाळेत रोमिओ नापास विद्यार्थी आहे. तो रडतो, कविता करतो, मारामारी चालू असताना झाडीत एकटा फिरतो. मर्क्युशिओ त्याची चेष्टा करतो, की एका गोऱ्या पोरीच्या काळ्या डोळ्यांनी हा आधीच मेला, हा टिबॉल्टशी काय लढणार! सोमवारी दुपारी, लग्न लागून तासभर झालेला रोमिओ टिबॉल्टच्या शिवीला हात जोडल्यासारखं उत्तर देतो. तो आता नात्याने मेहुणा लागतो, पण हे सांगता येत नाही. मर्क्युशिओला ती लाचारी वाटते. तो मधे पडतो आणि रोमिओ सोडवायला गेला असता त्याच्याच हाताखालून वार बसून संपतो.

त्यानंतर रोमिओ काय म्हणतो ते महत्त्वाचं. टिबॉल्टला शिवी देण्याआधी, मित्रासाठी रडण्याआधी तो म्हणतो, ज्युलिएटच्या रूपाने मला बायकी केलं, माझ्या शौर्याचं पोलाद मऊ पडलं. दोन मिनिटांपूर्वी जो एकटा शहाणपणाने वागला, तो त्या शहाणपणालाच बायकोचा दोष ठरवतो आणि पुरुष व्हायला निघतो. पुढच्या काही ओळींत टिबॉल्ट मेलेला असतो आणि रोमिओ हद्दपार.

नंतर तो फ्रायरच्या खोलीत जमिनीवर पडून रडतो, तर फ्रायर विचारतो, तू पुरुष आहेस ना? रूप पुरुषाचं आणि अश्रू बाईचे! दाईसुद्धा तेच म्हणते, ऊठ, पुरुष असशील तर उभा राहा. धर्मगुरू असो, नोकर असो की मित्र, धडा एकच.

ज्युलिएट अबला आहे की बंडखोर?

अबला तर नक्कीच नाही. लग्नाचा विषय ती काढते. रोमिओ चंद्राच्या शपथा घेत बसतो, तेव्हा ती म्हणते चंद्र रोज बदलतो, त्याची नको. हेतू सरळ असेल तर उद्या निरोप पाठव, कुठे, किती वाजता लग्न करायचं. तिच्या मनातलं त्याने चोरून ऐकलंय हे कळल्यावर ती थोडी संकोचते, भाव खाण्याचा पर्याय बोलून दाखवते आणि सोडून देते. लग्नाच्या रात्रीची वाट बघताना सूर्याला घाई करायला सांगते आणि स्वतःच्या इच्छेबद्दल जे उघड बोलते, तसं बोलणारी तेरा वर्षांची नायिका आजही रंगभूमीवर अवघड जाते.

पण तिचं बंड कुठे अडतं तेही बघा. बापासमोर ती ‘माझं लग्न झालंय’ असं एकदाही म्हणत नाही. दुहेरी अर्थाचं बोलते, रडते, खोटी माफी मागते. सत्य सांगायला जागा नसलेल्या घरात बुद्धिमान मुलगी खोटं बोलायला शिकते, आणि ज्युलिएट ते चार दिवसांत अव्वल शिकते.

मग ती पळून का गेली नाही?

कशी जाणार? रोमिओ रात्री-बेरात्री फिरतो, भिंती चढतो, मँटुआला घोड्यावरून येतो-जातो. ज्युलिएटला घराबाहेर पडायचं एकच मान्य कारण आहे, फ्रायरकडे पापाची कबुली द्यायला जाणं. दाई तिला विचारते तेही हेच, आज कबुलीला जायची परवानगी मिळाली आहे ना? लग्नही त्या परवानगीवर लागतं आणि औषधही त्याच परवानगीवर मिळतं. पैसा नाही, वाहन नाही, सोबत नाही. घराबाहेर कायमचं पडायला तिच्यापुढे ठेवलेला रस्ता एकच, मेल्याचं सोंग घेऊन कॅप्युलेटांच्या थडग्याच्या तळघरात जाणं. बेचाळीस तास.

थडग्यात जाग आल्यावरही फ्रायर काय सुचवतो? तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. बापाचं घर, नवऱ्याचं घर, नाहीतर मठ. बाहेर पहाऱ्याची चाहूल लागते आणि तो पळून जातो.

गुपचूप लागलेलं ते लग्न कायद्याने खरं होतं का?

इंग्रज प्रेक्षकांच्या दृष्टीने हो. आईबापांच्या संमतीशिवाय लागलेलं लग्न चर्चला नापसंत होतं, पण दोघांनी एकमेकांना वचन दिलं की ते बांधील ठरे. इंग्लंडमध्ये हे चित्र १७५३च्या कायद्याने बदललं. कॅथलिक देशांत १५६३च्या ट्रेंट धर्मसभेने धर्मगुरू आणि साक्षीदारांची अट घातली होती. इंग्रज प्रेक्षकांना मात्र रोमिओशी लागलेलं लग्न बांधीलच वाटे, म्हणून पॅरिसशी लग्न म्हणजे ज्युलिएटसाठी दुसरा नवरा करण्याचं पाप होतं.

पॅरिस तर भला वाटतो. त्याचा काय दोष?

सभ्य आहे, श्रीमंत आहे, अधिपतीचा नातलग आहे. त्याने मागितलं ते बापाकडे. फ्रायरच्या खोलीत रडून लाल झालेल्या ज्युलिएटला तो म्हणतो, हा चेहरा माझा आहे, त्याला नावं ठेवू नकोस. ती शांतपणे म्हणते, असेल बाई, कारण तो माझा स्वतःचा तर नाहीच. पॅरिसला यातला कडवटपणा कळत नाही. सभ्य माणसाला तो कळायची गरजच पडत नाही.

रोझलाइन कोण?

रोमिओचं आधीचं प्रेम, कॅप्युलेटची भाची. तिने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलंय, असं रोमिओ तक्रारीच्या सुरात सांगतो. ती रंगमंचावर येत नाही, एक शब्द बोलत नाही. नाही म्हणून ते ‘नाही’ टिकवणारी या नाटकातली ती एकमेव मुलगी, आणि ती जिवंत राहते.

ज्युलिएटचं काम तेव्हा मुलगाच करायचा. मग हे सगळं बाईपण खरं कसं?

इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायका १६६० नंतर आल्या. त्याआधी ज्युलिएट, तिची आई, दाई, सगळी मुलांनी किंवा पुरुषांनी केली. त्यामुळे बाईपण ही शिकून करायची गोष्ट आहे हे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच असे, आणि मर्दानगीही तशीच. उलट उदाहरणही आहे. १८४५ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात शार्लट कुशमन या अमेरिकन नटीने रोमिओ केला, समोर तिची सख्खी बहीण ज्युलिएट. बाईने केलेला तो रोमिओ खूप गाजला. रडणारा, हळवा रोमिओ एका बाईला पेलला यात नवल नाही. नवल याचं, की तोवरच्या अनेक पुरुष नटांना त्या रडण्याची लाज वाटत होती.

शेवटी दोन्ही बाप हात मिळवतात. म्हणजे ते सुधारले ना?

त्यांची भाषा ऐका. कॅप्युलेट म्हणतो, माँटेग्यूभाऊ, हात दे. हेच माझ्या मुलीचं स्त्रीधन समज, याहून जास्त मी मागू शकत नाही. नवऱ्याच्या पश्चात सुनेची सोय म्हणून वरपक्ष जी मालमत्ता ठरवतो, त्याबद्दल तो बोलतोय. प्रेतं समोर आहेत आणि लग्नाची बोलणी अखेर रीतीने पार पडतायत. त्यावर माँटेग्यू म्हणतो, मी तर याहून जास्त देईन, तिचा सोन्याचा पुतळा उभारेन. लगेच कॅप्युलेट, मग रोमिओचाही तेवढ्याच तोलाचा. वैर मिटलं म्हणे, चढाओढ तशीच आहे. माँटेग्यूची बायको मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री वारली, तिचा उल्लेख दोन ओळींत आटोपतो.

व्हेरोनात आज ज्युलिएटचा पुतळा आहे, सोन्याचा नव्हे, ब्राँझचा. नेरेओ कोस्टँटिनी या शिल्पकाराचं काम, १९७२ पासून ‘ज्युलिएटच्या घरा’च्या अंगणात. उजव्या स्तनाला हात लावला की प्रेमात नशीब उघडतं, असा समज पसरला आणि पर्यटकांनी तो इतका झिजवला की २०१४ मध्ये मूळ पुतळा हलवून तिथे प्रतिकृती बसवावी लागली.

शेक्सपिअर स्त्रीवादी होता का?

तो शब्दच तेव्हा नव्हता, आणि ज्युलिएटला तो वाचवत नाही. पण कुणाला किती ऐकू द्यायचं हे नाटककार ठरवतो, आणि त्याने तिच्या तोंडी बापापेक्षा, नवऱ्यापेक्षा स्वच्छ विचार दिले. नाटकाच्या शेवटच्या ओळीत नावाचा क्रमही उलटा आहे : आधी ज्युलिएट, मग ‘तिचा’ रोमिओ.

पूर्ण नाटक वाचायला वेळ नाही. एकच प्रवेश वाचायचा तर कोणता?

तिसऱ्या अंकाचा पाचवा. नवरा खिडकीतून उतरून जातो, आई येते, बाप येतो, दाई सल्ला देते आणि सगळे निघून जातात. प्रवेश सुरू होताना ज्युलिएटकडे चार माणसं असतात, संपताना एकही नाही. वेळ उरला तर त्याच्या आधीचा छोटा चौथा प्रवेशही वाचा, ज्यात गुरुवार ठरतो. खिडकीखालच्या चांदण्या रात्रीचा प्रवेश नंतर वाचलात तरी चालेल, तो तसाही सगळ्यांना अर्धा पाठ असतो.